डब्याच्या मापाची पिशवी

लहान मुलासाठी क्रोशाची पिशवी करायची असेल तर आधी रंग निवडू नका, डबा हातात घ्या. अंगणवाडीत किंवा बालवाडीत जाणाऱ्या मुलाकडे साधारण अकरा सेंटिमीटर व्यासाचा स्टीलचा गोल डबा असतो, एखादा रुमाल असतो, शिवाय वाटेत सापडलेली चिंच, गोटी, बाटलीचं झाकण असं काहीबाही असतं. पिशवी या सगळ्यासाठी असते. डब्यापेक्षा दीड सेंटिमीटर मोठा तळ आणि डब्याच्या उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त उंची, एवढं माप धरलं की बाकीचे आकडे आपोआप निघतात. साडेबारा सेंटिमीटरचा गोल तळ, सोळा सेंटिमीटरच्या आसपास उंची, वर ओढून बंद करायची नाडी आणि खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा, अशी पिशवी आपण इथे करणार आहोत.

लोकर घ्यायची वेळ म्हणजे हिवाळा. अहिल्यानगर जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. महाराष्ट्रातल्या थंड गावांच्या रोजच्या यादीत नगरचं नाव असतंच. त्यामुळे त्या दिवसांत दुकानांत गुंडे भरपूर असतात आणि रंगही सगळे मिळतात. उन्हाळ्यात गेलात तर उरलेल्या तीन-चार रंगांवर भागवावं लागतं. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये सरकारी कागदावर बदललं, तरी खरेदीला जाताना श्रीगोंद्यापासून शेवगावपर्यंत माणूस ‘नगरला’च जातो, आणि कापड बाजार व त्याला लागून असलेल्या मोची गल्लीत हिंडल्याशिवाय परतत नाही. लोकर, अस्तराचं कापड, नाडी, टिच बटण हे सगळं एकाच फेरीत आणावं. अस्तर नंतर बघू म्हटलं की ते राहूनच जातं.

लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा मेंढीचं नसून ॲक्रिलिक असतं. मुलाच्या पिशवीला तेच बरं. ते धुतल्यावर आटत नाही, लवकर वाळतं, अंगाला टोचत नाही आणि रंगांना तोटा नसतो. त्याची एकच खोड म्हणजे गरम इस्त्री लागली की ते कायमचं सैल आणि चपटं होतं. सुती दोऱ्याची पिशवी दिसायला रेखीव, पण वजनाला जास्त आणि हाताला कडक. शेवगाव-पाथर्डीकडच्या कापसाचा अभिमान बाजूला ठेवून मी इथे ॲक्रिलिकच सुचवेन. मध्यम जाडीची लोकर घ्या, फार बारीक नको आणि स्वेटरच्या जाड विणीचीही नको. सगळे रंग मिळून शंभर ग्रॅम पुरतात आणि थोडी उरते. सुई ३.५ मिमीची. आकडा सुईच्या दांड्यावर छापलेला असतो. रुमाल आणि तोरणं करायची जी बारीक पोलादी सुई घरोघरी असते ती इथे चालणार नाही, तिच्या टोकाच्या आकड्यात ही लोकर मावतच नाही.

आता नमुना. हा करायचा सगळ्यांना कंटाळा येतो आणि सगळा घोटाळा इथेच होतो. वीस-बावीस टाके रुंद आणि तेवढ्याच ओळी उंच असा चौकोन विणा आणि मधल्या भागात पट्टी ठेवून मोजा. दहा सेंटिमीटरमध्ये आडवे अठरा टाके आणि उभ्या एकोणीस ओळी आल्या तर या लेखातले आकडे जसेच्या तसे वापरा. सोळाच टाके आले तर हात सैल आहे. त्याच आकड्यांनी पिशवीचा घेर चाळीसऐवजी पंचेचाळीस सेंटिमीटर होईल आणि वीण एवढी विरळ पडेल की पेन्सिल बाहेर डोकावेल. मग ३ मिमीची सुई घ्या. हात मुद्दाम आवळून विणू नका, तो चार फेऱ्यांनी पुन्हा आपल्या चालीवर येतो.

या पिशवीला एकच टाका लागतो, मुका खांब. आधीच्या ओळीच्या टाक्यावर साखळीची एक कडी दिसते, म्हणजे दोन धागे. त्या दोन्हींच्या खालून सुई घाला, दोरा अडकवून बाहेर काढा. आता सुईवर दोन वेढे आहेत. पुन्हा दोरा अडकवा आणि दोन्हींतून एकदम ओढून काढा. झाला मुका खांब. नुसता ‘खांब’ म्हणतात तो याच्या जवळजवळ दुप्पट उंच असतो, कारण त्यात सुई घालायच्या आधीच एक वेढा जास्तीचा घेतलेला असतो. खांबाची वीण भराभर वाढते, पण तिच्यात फटी राहतात. मुका खांब हळूहळू वाढतो आणि कापडासारखा दाट बसतो. डबा वाहायचा तर दाट वीण हवी.

तळ गोल विणायचा. सरफास घालून चार साखळ्या करा, पहिल्या साखळीत सुई घालून कडं जोडा आणि त्या कड्यात सहा मुके खांब घाला. मधे भोक राहू नये असं वाटत असेल तर साखळीऐवजी दोऱ्याच्याच सरकत्या वेढ्यात सहा टाके घालून तो वेढा आवळून घ्यायचा. व्हिडिओ बघून शिकलेल्या मुली याला ‘मॅजिक रिंग’ म्हणतात आणि ती पद्धत खरंच चांगली आहे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन टाके घाला, बारा झाले. तिसऱ्या फेरीत एक साधा, एक दुप्पट असं करत गेलं की अठरा. चौथ्या फेरीत दोन साधे, एक दुप्पट, म्हणजे चोवीस. दर फेरीला सहा वाढत जातात आणि बाराव्या फेरीला बहात्तर टाके होतात.

सहाच का, हा प्रश्न पाठ करून विणणाऱ्यांना पडत नाही, पण उत्तर कळलं की कुठल्याही मापाचा तळ आपल्याला जमवता येतो. दर फेरीला वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीएवढी वाढते. त्रिज्या जेवढी वाढेल त्याच्या सव्वासहा पट परीघ वाढतो, हे शाळेतलं दोन पाय आर. मुका खांब जेवढा उंच, जवळजवळ तेवढाच रुंद. मग वाढलेला परीघ भरायला सहा टाके लागतात. आपल्या नमुन्यावरच ताळा करून बघा: सव्वासहाला अठराने गुणा आणि एकोणिसाने भागा, उत्तर सहाच्या अगदी जवळ येतं. खांबाने तळ विणायचा झाला तर टाक्याची उंची दुप्पट, म्हणून सुरुवात बारा टाक्यांनी आणि वाढही दर फेरीला बाराची.

यावरून तळ का बिघडतो तेही कळतं. कडेला लाटा उठल्या तर टाके जास्त झालेत, परिघाला जागा नाही म्हणून कापड वर-खाली पळतंय. कडा आत वळून वाटी व्हायला लागली तर टाके कमी पडलेत. दोन्ही वेळा ‘धुतल्यावर बसेल’ म्हणून पुढे जाऊ नये. ते बसत नाही. त्या फेरीपर्यंत उसवून पुन्हा मोजावं. क्रोशात उसवणं फार सोपं असतं. सुईवर एकच वेढा असतो, त्यामुळे दोन सुयांच्या विणकामात जसे टाके निसटून खाली धावतात तसं इथे होत नाही.

आणखी एक बारकावा आहे. दर फेरीत वाढ ठरलेल्या जागीच केली तर वाढीवर वाढ येते, सहा कोपरे उभे राहतात आणि तळ गोल न होता षट्कोनी होतो. म्हणून एकाआड एक फेरीत वाढीची जागा सरकवायची. चौथी फेरी ‘दोन साधे, एक दुप्पट’ अशी सुरू न करता आधी एक साधा आणि एक दुप्पट करा, मग पाच वेळा दोन साधे आणि एक दुप्पट, शेवटी उरलेला एक साधा. टाके चोवीसच होतात, कोपरे मात्र विरघळतात.

फेरी जोडायची की तशीच चालू ठेवायची, यावर विणणाऱ्या बायकांत कायमचे दोन पक्ष आहेत. प्रत्येक फेरीच्या शेवटी जोड दिला तर पाठीवर एक तिरकी शिवण चढत जाते. न जोडता विणलं तर वीण जिलबीसारखी गोल गोल चढते, शिवण दिसत नाही, पण फेरी कुठे संपली ते समजत नाही. मी न जोडण्याच्या बाजूची. फेरीच्या पहिल्या टाक्यात दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा किंवा सेफ्टी पिन अडकवा आणि दर फेरीला ती वर सरकवत न्या.

या कामात पिशवी हा जुना विषय आहे. क्रोशाच्या कृती पहिल्यांदा छापून आल्या त्या ‘पेनेलोपे’ नावाच्या डच मासिकात, १८२३ साली. त्या अंकातल्या रंगीत पानावर छोट्या बटव्यांचे पाच नमुने होते आणि त्यांतले तीन रेशमी दोऱ्याने क्रोशाने विणायचे होते. म्हणजे टेबलक्लॉथ, बाळाची टोपडी, दारावरची तोरणं हे सगळं नंतरचं. पुढे आयर्लंडात १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात क्रोशाची लेस विकून अनेक कुटुंबं तगली. भारतात हे काम पसरलं ते बरंचसं मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून. तिथे अक्षरांबरोबर सुईकामही असायचं. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं १८३१ पासून आहे. सावित्रीबाई फुले ज्यांच्याकडे शिक्षिकेचं शिक्षण घेऊन गेल्या त्या सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये वारल्या तोवर इथल्या मुलींच्या शाळा बघत होत्या.

पिशवीकडे वळू. तळाची बारावी फेरी संपली की तेरावी फेरी वाढ न करता, पण टाक्याच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यात सुई घालून विणा. पुढचा धागा मोकळा राहतो आणि तिथे कापड घडी घातल्यासारखं वळतं. ही फेरी वगळली तर तळ आणि भिंत यांच्यामध्ये कड येत नाही, पिशवी बुडाशी फुगीर होते आणि डबा तिरका बसतो. त्यानंतर नेहमीप्रमाणे दोन्ही धाग्यांतून, बहात्तरचे बहात्तर टाके, ना वाढ ना घट. ही घडीची फेरी धरून भिंतीच्या एकूण तीस फेऱ्या होतात.

रंग इथे येतात. तळ आणि भिंतीच्या पहिल्या सहा फेऱ्या गडद निळ्या ठेवा. मूल पिशवी हातात कमी धरतं, जमिनीवर जास्त ठेवतं, आणि आपल्याकडची धूळ आणि काळी माती पांढऱ्या-गुलाबी तळावर एका आठवड्यात मुक्काम ठोकते. पुढे चार-चार फेऱ्यांचे पट्टे: पिवळा, लाल, हिरवा, पुन्हा पिवळा, पुन्हा लाल. शेवटच्या चार फेऱ्या परत निळ्या. तुमच्या मुलाला जांभळाच हवा असेल तर अर्थातच जांभळा, पण शेजारी येणारे दोन रंग एक गडद आणि एक उजळ असू द्या. लालाला लागून केशरी घेतला तर चार हातांवरून दोन्ही एकच दिसतात.

रंग बदलायची खरी जागा नव्या फेरीचा पहिला टाका नसून जुन्या फेरीचा शेवटचा टाका आहे. त्या टाक्यात सुई घालून जुन्या रंगाचा वेढा बाहेर काढा. सुईवर दोन वेढे असताना जुना दोरा सोडून द्या आणि नव्या रंगाने दोन्हींतून ओढा. कारण कुठल्याही टाक्याचा शेवटचा वेढा पुढच्या टाक्याचा माथा बनतो. तो जुन्या रंगात राहिला तर नव्या पट्ट्याच्या सुरुवातीला परक्या रंगाचा एक ठिपका कायमचा दिसतो.

न जोडता विणलेल्या पट्ट्यांना एक पायरीही पडते, कारण फेरीचा शेवट सुरुवातीपेक्षा एका टाक्याने वर असतो. ती पूर्ण घालवता येत नाही, लपवता येते. नव्या रंगाची एक फेरी झाली की दुसऱ्या फेरीचा पहिला टाका मुका खांब न करता फक्त सरकता घ्यायचा: सुई घाला, दोरा ओढा आणि तो सरळ सुईवरच्या वेढ्यातूनही काढा. हा टाका बुटका असल्यामुळे पायरी दबते. पुढच्या फेरीत त्या बुटक्या टाक्यात टाका घालायला विसरू नका, नाहीतर एकाहत्तर टाके होतात. रंग बदलायची ही रेष पाठीमागे येईल असं बघा.

जुन्या रंगाचा दोरा आतून वर घेत जायचा की कापायचा? पट्टे दोन-दोन फेऱ्यांचे असते तर वर घेतला असता. इथे पिवळा परत येतो तो आठ फेऱ्यांनी, तोवर आत चार सेंटिमीटरचा लोंबता दोरा राहतो आणि मुलाची बोटं त्यात अडकतात. कापा. पंधरा सेंटिमीटरचं शेपूट ठेवा आणि बोथट सुईने त्याच रंगाच्या टाक्यांतून आधी एका दिशेला, मग उलट दिशेला ओवा. गाठ मारून शेपूट बारीक कापणं ही सगळ्यांची आवडती युक्ती आहे, आणि ॲक्रिलिक गुळगुळीत असल्यामुळे तिसऱ्या धुण्याला ती गाठ सुटतेच.

तोंडाकडच्या चार निळ्या फेऱ्यांपैकी पहिली साधी. दुसरीत नाडीची भोकं: चार मुके खांब, दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून पुन्हा चार मुके खांब. बहात्तरला सहाने भाग जातो, म्हणून भोकं बरोबर बारा येतात. संख्या सम हवी, म्हणजे नाडी बाहेरून आत शिरून शेवटी परत बाहेरच निघते. तिसऱ्या फेरीत प्रत्येक भोकात दोन टाके घाला, चौथी साधी. नाडीसाठी निळ्या दोऱ्याचे दोन पदर घेऊन नुसती साखळी विणा, साठ सेंटिमीटर पुरे. पिशवी पूर्ण उघडल्यावर दोन्ही टोकं जेमतेम दहा-दहा सेंटिमीटर बाहेर राहिली पाहिजेत.

अस्तर हा शोभेचा भाग समजला जातो. माझ्या मते निम्मी पिशवी तीच. विणलेलं कापड वजनाने ताणतं, म्हणून वजन विणीवर पडूच द्यायचं नाही. मांजरपाट किंवा जुन्या सुती साडीचा घट्ट भाग घ्या. साडेचौदा सेंटिमीटर व्यासाचा एक गोल आणि एकेचाळीस बाय सोळा सेंटिमीटरची पट्टी कापा. शिवणीला एक-एक सेंटिमीटर आणि वरच्या दुमडीला दीड गेला की अस्तर पिशवीपेक्षा किंचित लहान होतं. तसंच ते हवं, म्हणजे डबा कापडावर बसतो आणि लोकर नुसती बाहेरून दिसते. अस्तराची वरची कड नाडीच्या भोकांच्या खाली हाताने टिपून टाका. भोकांवर आली तर नाडी सरकणार नाही.

पट्टा सगळ्यात आधी खराब होतो, कारण मूल पिशवी पट्ट्यानेच ओढतं. पाच टाक्यांची चिंचोळी ओळ घेऊन ती सव्वाशे ओळी वर वाढवत नेली तर महिन्याभरात पट्टा गुडघ्यापर्यंत येतो. ओळी लांबीच्या दिशेने घ्या: सत्तर सेंटिमीटरसाठी १२६ साखळ्या, त्यांवर मुक्या खांबाच्या पाच लांब ओळी. ओळीच्या दिशेने वीण कमी ताणते. दोन्ही लांब कडांवर सरकत्या टाक्यांची एकेक ओळ दिली की आणखी कमी. आणि मागे मांजरपाटाची दुमडलेली पट्टी शिवली की ताण सगळा कापडावर. सत्तर हा आकडा माझा झाला. तुम्ही मुलाच्या एका कुशीपासून समोरच्या खांद्यावरून पाठीमागून परत त्याच कुशीपर्यंत फीत धरून मोजा. पिशवी कंबरेशी थांबावी.

पट्ट्याचं एक टोक भिंतीला चार सेंटिमीटर खालपर्यंत, अस्तरासकट शिवून टाका. दुसरं टोक शिवू नका, तिथे एक मोठं टिच बटण लावा. झोका, घसरगुंडी, रिक्षाचं दार, मोटारसायकलचं चाक यांत पट्टा अडकून हिसका बसला तर बटण सुटलं पाहिजे, मूल अडकून राहता कामा नये. याच कारणासाठी नाडीची टोकं लांब ठेवायची नाहीत, आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या पिशवीला मणी, टिकल्या, डोळ्यांची बटणं लावायची नाहीत. ती तोंडात जातात. फूल हवंच असेल तर लोकरीचं विणून घट्ट शिवा. धुताना साध्या पाण्यात थोडा साबण, पिळू नका, आणि वाळत घालताना पट्ट्याने लटकवू नका. ओली लोकर आपल्याच भाराने लांबते. टॉवेलवर पसरून सावलीत ठेवा.

ही पिशवी विकायची असेल तर हिशेब आधी करा. तळात ४६८ टाके, भिंतीत २१६०, पट्ट्यात ६३०, म्हणजे एकूण सव्वातीन हजारांच्या वर. सराईत हात मिनिटाला पंधरा टाके घालतो असं धरलं तरी नुसतं विणायला साडेतीन तासांहून जास्त. रंगांची शेपटं, अस्तर, पट्टा धरून सहा तास. सामान शंभर रुपयांचं आणि पिशवी अडीचशेला, तर मजुरी तासाला पंचवीस रुपये पडली. ‘उमेद’च्या बचत गटांच्या दालनांत, मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत क्रोशाच्या वस्तू दिसतात आणि गिऱ्हाईक अडीचशेचीही घासाघीस करतं, ‘फावल्या वेळात केलंय ना’ म्हणून. हाच फावला वेळ आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशे लेसवर पोसलेल्या व्यापाराचा पाया होता. अभ्यासक मारिया मीस यांनी १९८२ च्या पुस्तकात दाखवलं की तिथल्या बायका दिवसाचे कित्येक तास विणत, पण त्यांना कामगार म्हणून कुणी मोजत नव्हतं, कारण त्या ‘घरीच असतात’. त्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. क्रोशाचा टाका हुबेहूब घालणारं यंत्र बाजारात नाही. कारखान्यांत ‘क्रोशे मशीन’ म्हणतात त्यावर निघते ती वेगळीच वीण. म्हणजे स्वस्तातली क्रोशाची पिशवी दिसली की तिच्यात कुणाचे तरी तास स्वस्तात गेलेले असतात.

विक्रीसाठी वेळ वाचवायचा तर भाव पाडण्याऐवजी टाका बदलावा. तळ बारा खांबांनी सुरू करून सहा फेऱ्यांत बहात्तरवर आणा आणि भिंत पंधरा फेऱ्यांची ठेवा. तळ-भिंतीचे टाके २६२८ वरून १३३२ वर येतात. एकेक खांबाला वेळ थोडा जास्त लागत असला तरी तासभर सहज वाचतो. पट्टा मात्र मुक्या खांबाचाच ठेवा, आणि अस्तर आणखी जाड घ्या, कारण खांबांच्या फटीतून पेन्सिलच काय, गोटीसुद्धा निसटते.